नामंजूर केलं तर का केलं ते लिहून द्या

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

माझी मावशी नाशिकला सिडकोत राहते, वय 58, काका जाऊन चार वर्षं झाली, आणि गुडघ्यांमुळे धुण्याभांड्याची कामंही सुटली. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरला, तो नामंजूर झाला. हातात जो कागद आला त्याच्या शेवटच्या रकान्यात एकच शब्द, 'अपात्र'. मावशीला वाचता येत नाही, शिक्का आहे म्हणजे पगार मंजूर झाला असं समजून तिने तो कागद रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये घडी घालून ठेवला आणि तीन महिने बँकेत जाऊन पासबुक भरून आणत होती. मला कळलं तेव्हा पोटात तुटलं हो.

खिडकीवर विचारलं तर म्हणे नवीन अर्ज करा. अहो पण चूक कुठे झाली तेच माहीत नाही तर नवीन अर्ज पण तिथेच अडकणार ना. मग एका ओळखीच्यांनी सांगितलं म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि फाईल बघायला मागितली. फाईलमध्ये काय, तर उत्पन्नाच्या दाखल्यात मुलाचा पगार धरलेला. मुलगा पाच वर्षांपासून चाकणला वेगळा राहतो पण रेशनकार्डावरून त्याचं नाव कमी केलेलं नव्हतं, ही चूक आमचीच. पण कुणी दोन ओळीत लिहून दिलं असतं तर आठ दिवसांत दुरुस्त केली असती, त्यात सात महिने गेले. महिन्याचे 1500 धरा, मावशीसाठी ते किराणा आणि औषधं आहेत. (उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21 हजार, म्हणजे महिन्याला 1750, एवढ्यात कोण जगतं हा वेगळाच विषय आहे.)

नाव कमी करून नवा दाखला काढायला गेलो तर परत तोंडीच "होणार नाही". यावेळी मी म्हटलं, लेखी द्या. उत्पन्नाचा दाखला 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतो, नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, अपील कुणाकडे करायचं तेही कळवावं लागतं आणि पहिलं अपील 30 दिवसांत करता येतं. एवढं बोलल्यावर अर्ज घेतला, दाखला बाराव्या दिवशी मिळाला.

माझी विनंती एवढीच की निराधारच्या नामंजुरीच्या कागदावर पण कारण, कमी असलेला कागद आणि दाद कुठे मागायची ते साध्या मराठीत छापा, आणि खिडकीवरच्या माणसाने ते वाचून दाखवा, कारण येणारे निम्मे लोक माझ्या मावशीसारखेच असतात. ज्यांचे अर्ज फेटाळलेत त्यांनी 'अपात्र' वाचून घरी बसू नका, कागद हातात पडला ती तारीख लिहून ठेवा आणि कारण लेखी मागा.

मावशीचा नवा अर्ज मागच्या सोमवारी भरला. पोचपावती मी माझ्याकडे ठेवलीय, झेरॉक्स तिच्या रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये आहे.

एक वाचक, नाशिक