पोटनिवडणुकीचा खर्च राजीनामा देणाऱ्याकडून घ्या

महोदय,

लोकप्रतिनिधीचं निधन झालं म्हणून पोटनिवडणूक लागली, तर कुणाचीच तक्रार नसते. चिंतामण वनगा गेल्यावर 2018 मध्ये पालघरला मतदान झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच दिवशी, 28 मे रोजी, भंडारा-गोंदियातही मतदान झालं. तिथे नाना पटोले यांनी खासदारकी सोडली होती. उदयनराजे भोसले 2019 च्या मे महिन्यात साताऱ्यातून निवडून आले आणि सप्टेंबरात त्यांनी राजीनामा दिला. ऑक्टोबरात सातारकर पुन्हा रांगेत. निधन असो की राजीनामा, पैसे त्याच सरकारी तिजोरीतून जातात, हे मला पटत नाही.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका होते. 2005 मध्ये नारायण राणे यांनी पक्ष बदलल्यावर मालवणची पोटनिवडणूक झाली, तेव्हा मला मतदान अधिकारी म्हणून आदेश आला. पक्ष बदलताना राजीनामा देऊन पुन्हा लोकांपुढे जाणं योग्यच. खुर्ची धरून ठेवून पक्ष फिरवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पण आमची शाळा द्विशिक्षकी. दोघांनाही ड्युटी. प्रशिक्षणाच्या दिवशी वर्ग नाहीत, मशीन ताब्यात घेऊन केंद्रावर मुक्कामाला जायचं त्या दिवशी नाहीत, मतदानाला तर नाहीतच. चौथीच्या मुलांचा भागाकार तसाच राहिला. खर्चाच्या कोणत्याही आकड्यात हे धरलेलं नसतं. शिवाय एका मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीची आचारसंहिता आमच्यासारख्या जिल्ह्यात सगळीकडे लागू होते. मंजूर झालेला साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) किंवा पाखाडी (दगडी पायवाट), काम सुरू झालेलं नसेल तर निकालापर्यंत थांबते.

जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी, असं कायदा सांगतो. तिचा खर्च कुणी सोसावा याचा विचार निवडणूक आयोगाने 2004 मध्येच केला होता. दोन जागा लढवणाऱ्यांना मनाई करा, नाहीतर दोन्ही जिंकून एक सोडणाऱ्याकडून विधानसभेसाठी 5 लाख आणि लोकसभेसाठी 10 लाख घ्या, असा तो प्रस्ताव. विधी आयोगानेही 2015 च्या अहवालात एकाच जागेची शिफारस केली. तरीही 2024 मध्ये राहुल गांधी दोन ठिकाणी जिंकले, रायबरेली ठेवली आणि वायनाडला पुन्हा मतदान घ्यावं लागलं.

माझी मागणी याच्या एक पाऊल पुढची आहे. आजारपण सोडून इतर कोणत्याही कारणाने मुदतीआधी जागा सोडणाऱ्याने पोटनिवडणुकीचा सरकारी खर्च भरावा. त्याची हमी उमेदवारी अर्जासोबतच घ्यावी. विधानसभेच्या उमेदवाराला प्रचारावर 40 लाख खर्च करण्याची मुभा आहे, मग ही हमी त्याला जड का व्हावी? पैसे देण्याची ऐपत नसलेला साधा कार्यकर्ता असेल, तर त्याच्या पक्षाने ते भरावेत.

हा कायदा केंद्राचा असल्याने बदल संसदेतच होऊ शकतो. पालघर, रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात या विषयावर अशासकीय (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडायचं) विधेयक मांडावं, आणि मांडणार की नाही हे आपल्या वृत्तपत्रातून मतदारांना कळवावं.

— एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग