टाकीवरचा थिरथिरा

संपादक महोदय,

गेल्या मंगळवारी सकाळी वाळत घातलेले कपडे उलटवायला गच्चीवर गेले, तर पाण्याच्या टाकीवर चिमणीएवढा पक्षी. डोकं-छाती काळी, पोट नि शेपूट विटकरी. मधेच झुकून नमस्कार केल्यासारखं करी, की लगेच शेपटीची थरथर सुरू. नातीने पुस्तकात शोधलं : थिरथिरा. नाव ठेवणाऱ्याने डोकं फार चालवलं नाही, पण ठेवलंय नेमकं!

हिमालय नि मध्य आशियातल्या उघड्या, खडकाळ डोंगरांत घरटं करणारा हा जीव वजनाला जेमतेम १५ ग्रॅम. त्याला टाकी म्हणजे खडकच वाटला असणार. असे बहुतेक छोटे गाणारे पक्षी स्थलांतर रात्री करतात. ते ताऱ्यांवरून दिशा धरतात, हे स्टीफन एम्लेन यांनी १९६७ साली अमेरिकेतल्या इंडिगो बंटिंग पक्ष्यांना तारांगणात ठेवून दाखवलं.

आणि आमच्या गच्चीवर? रात्रभर आभाळाकडे तोंड करून जळणारा हॅलोजन. अशा झगमगाटात पक्षी भरकटतात, घिरट्या घालून दमतात, काचांवर आपटतात. सोसायटीच्या सभेत विषय काढला, तर उत्तर मिळालं, ‘आजी, चोर येतील.’ टाकीवरून चोर नेणार काय, झाकण?

दिवा बंद करणं जमत नसेल, तर निदान त्याचं तोंड खाली वळवा, इतकंच मागणं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि परतीच्या मार्च-एप्रिलात तरी.

थिरथिरा आजही आला होता. झाकणाजवळच्या मुंग्या टिपत होता.

– एक वाचक आजी