कातड्याला गिऱ्हाईक नाही, कर्ज मात्र मिळते

महोदय,

कॅनडातील सील शिकारीवरचा आपला लेख वाचला. पिल्लांच्या डोळ्यांवर त्यात बराच मजकूर होता, हिशेबावर जवळजवळ नाहीच. मी मटण खाणारा माणूस, दयेची गोष्ट मी काढणार नाही. पण सहकारी बँकेच्या कर्ज विभागात उमेदीची वर्षे गेली आणि मुलगी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतात सेंट जॉन्स शहरात राहते, म्हणून हा विषय माझ्या वाचनात असतो.

2006 मध्ये कॅनडात साडेतीन लाखांच्या आसपास सील मारले गेले, एका कातड्याला सुमारे 100 डॉलर मिळाले. 2009 मध्ये भाव 15 डॉलरच्या घरात उतरला. त्याच वर्षी युरोपीय संघाने सीलच्या मालाच्या विक्रीवर बंदीचा कायदा केला, 2011 मध्ये मोठे गिऱ्हाईक असलेल्या रशियानेही दार लावले. त्या वर्षी सरकारचा कोटा होता 4 लाखांचा, शिकार झाली 40 हजारांच्या आसपास. आमच्या भाषेत मंजुरी भरपूर, उचल नगण्य.

एवढे होऊनही 2012 मध्ये न्यूफाउंडलंडच्या प्रांतिक सरकारने कातडी विकत घेण्यासाठी प्रक्रिया कंपनीला 36 लाख डॉलरचे कर्ज दिले. गोदामातल्या साखरेवर आम्हीही कर्ज देत असू, पण साखरेला उद्या सकाळी गिऱ्हाईक होते. हे कर्ज फिटले तरी बाजार उभा राहत नाही. गंमत म्हणजे त्या कंपनीची मालकी तेव्हा नॉर्वेत होती, आणि नॉर्वेने स्वतःच्या सील शिकारीचे अनुदान 2015 च्या अर्थसंकल्पातून काढून टाकले!

तिथल्या कोळ्यांचा बंदीवरचा राग मला कळतो. 1992 मध्ये कॉड मासेमारी बंद झाली आणि हजारोंचा रोजगार एका फटक्यात गेला. खेकड्याचा हंगाम सुरू होण्याआधी डिझेल आणि होडीच्या डागडुजीपुरते चार पैसे सीलमधून सुटत. उत्तरेकडच्या मूळ रहिवासी इन्युइट लोकांना युरोपने सवलत ठेवली, पण भाव पडला तो त्यांच्याही कातड्याचा. त्यांचा प्रश्न निराळा, त्यांना मदतही निराळी हवी.

बाकीच्यांचे शिकारीचे परवाने सरकारने योग्य मोबदला देऊन कायमचे परत घ्यावेत. बर्फ फोडायला, देखरेखीला आणि बचावाला तटरक्षक दलाची जहाजे पाठवावी लागतात, तो खर्चही त्यामुळे वाचेल. मात्र मोबदला थेट होडीवाल्याच्या खात्यात जमा व्हावा, कंपनीच्या नव्हे.

— एक निवृत्त बँक अधिकारी, सांगली