मंत्रिमहोदय, दुसऱ्या पर्यायात कुठलं कॉलेज भरू?

माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

मी देवगड तालुक्यात, खाडीकाठच्या एका गावात आशा म्हणून काम करते. थोरली मुलगी यंदा बारावी सायन्स झाली आणि तिनं बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी दिली. गुण बरे पडले. शंभरातले वीस प्रश्न नर्सिंगचा कल बघणारे असतात, ते तिला सोपे गेले, कारण माझ्याबरोबर गरोदर बायांच्या घरी फिरतच ती वाढली आहे. आता कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत कॉलेजांचे पर्याय भरायला दोन दिवस उरलेत. आपल्याला कामं खूप असतात, म्हणून फक्त गेल्या मंगळवारचं लिहायचं ठरवलं होतं. तेवढ्यावर भागणार नाही असं दिसतंय.

मंगळवारी आम्ही दोघी एक खासगी कॉलेज बघायला गेलो. एस.टी., मग सहा आसनी, मग पावसात चालत. बाहेर शंभर खाटांच्या रुग्णालयाचा बोर्ड. आत वॉर्डात बारा खाटा, गाद्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. एका खाटेवर रबराची बाहुली, तिच्या हाताला सलाईनची नळी चिकटपट्टीनं लावलेली. पायथ्याला फाईल टांगली होती. मी उघडली. चार पानं, एकच अक्षर, रोजचं बीपी 120/80. मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आये, पेशंट खंय आसत?"

मला काय उत्तर द्यावं सुचेना, कारण पेशंट कुठून येतात ते मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी अशाच एका कॉलेजच्या माणसांनी मला मोफत तपासणी शिबिराला बायका आणायला सांगितलं. गाडी पाठवली, जेवण देऊ म्हणाले. मी सतरा बायका नेल्या. त्यांना खाटांवर झोपवलं, अंगावर चादरी घातल्या, दुपारी साहेब लोक आले, वह्या बघून गेले. कुणाला एक गोळी मिळाली नाही. ती कॉलेजची तपासणी होती हे मला परतीच्या गाडीत कळलं. मी गप्प बसले, त्याची लाज आज वाटते. त्या कॉलेजची परवानगी त्या दिवशी टिकली असेल तर त्यात माझाही हात आहे.

भारतीय परिचर्या परिषदेचे नियम मी वाचलेत. कॉलेजचं स्वतःचं किमान शंभर खाटांचं रुग्णालय हवं, त्यातल्या 75 टक्के खाटा भरलेल्या हव्यात, एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत. कागदावर सगळं छान आहे. परिषद आहे, विद्यापीठ आहे, संचालनालय आहे, आणि इतक्या सगळ्यांना मिळून एक बाहुली दिसत नाही?

मग ऑफिसात गेलो. 8 जुलै 2024 चा तुमच्या सरकारचा जीआर मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेला होता. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, कॅपमधून आलेल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. क्लार्कनं तो वाचलाही नाही. म्हणाला, फी माफच आहे, 42 हजार रोख आणा. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, बस, डिपॉझिट. जेवणाखाणाचे पैसे द्यावे लागतात हे मला कळतं हो! मी फक्त पावती मागितली. तो म्हणाला, "पावती पायजे तर सीट दुसरीकडे बघा." साठ मुली धरल्या तर वर्षाला 25 लाख 20 हजार, एका कॉलेजात, बिनपावतीचे. अशी किती कॉलेजं आहेत ते तुम्ही मोजा.

आणि हे पैसे मागतात कधी? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. नवरा खलाशी आहे, नारळी पौर्णिमेपर्यंत घरात त्याचा रुपया येत नाही. माझा मोबदला कधी तीन महिन्यांनी येतो, कधी चार. पाटल्या होत्या, त्या सासूबाईंच्या दुखण्यात गेल्या.

त्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा इथून "वर न्या" म्हणाले, तिथूनही "पुढं न्या" म्हणाले, शेवटी गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेलं. सिंधुदुर्गातल्या माणसाला जगायचं असेल तर राज्य ओलांडावं लागतं, कारण मुंबईकडं न्यावं तर मुंबई-गोवा महामार्गाचं काम 2011 पासून चालू आहे. बांबोळीला एक नर्स होती, आमच्यासारखीच मालवणी बोलणारी. दर दोन तासांनी यायची, सासूबाईंची कूस बदलायची, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली घडी घालायची, पाठ हातानं चाचपून कातडी लाल झालीय का बघायची. सासूबाई वाचल्या नाहीत, पण एकवीस दिवसांत त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. मुलगी तेव्हा नववीत होती. तिनं त्या खोलीतच ठरवलं. बाहुलीची कातडी लाल होत नाही, साहेब. ते माणसाच्या पाठीवरच शिकावं लागतं.

2024 साली तुम्ही जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केलात, इथून नर्स आणि इतर कुशल माणसं पाठवायला. जरूर पाठवा. पण आमच्या उपकेंद्रात रात्री बाळंतीण आली तर 108 ची वाट बघत मीच तिचा हात धरून बसते, आणि माझं प्रशिक्षण किती दिवसांचं ते तुमच्या सरकारला माहीत आहे. केंद्रानं एप्रिल 2023 मध्ये 157 नवी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली, 1570 कोटी रुपये, मुदत 24 महिने. मुदत केव्हाच उलटली. त्यातलं कोकणाच्या पदरात काय पडलं, हे सभेत टाळ्या घेणाऱ्या एकानंही आम्हाला सांगितलेलं नाही. मतं मागायला मात्र सगळे होडीत बसून पलीकडच्या वाडीत येतात.

माझं मागणं एवढंच आहे. पर्यायांच्या यादीत नावापुढं आणि कोडपुढं आणखी चार रकाने घाला: काल रुग्णालयात किती रुग्ण होते, गेल्या महिन्यात किती बाळंतपणं झाली, मुलींना शिकायला किती किलोमीटर नेतात, आणि चार वर्षांत एकूण किती पैसे लागतात, पावतीसकट. आणि तपासणीला न सांगता या.

पहिल्या पर्यायात तिनं मुंबईचं जे. जे. भरलंय. तिथं नंबर लागेल एवढे गुण नाहीत, हे तिलाही ठाऊक आहे. दुसरी ओळ कोरी आहे. शेजारपाजारचे म्हणतात ते मंगळवारचंच भर, जवळ आहे, मुलगी डोळ्यांसमोर राहील. परवा संध्याकाळी पाचला फॉर्म बंद होतो.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग