जे मी शिकवले नव्हते

प्रिय सखी,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. लेक चौदा महिन्यांची झाली तरी अजून आधार सोडून चालत नाही, तिच्याहून लहान असलेली शेजारची मुलगी मात्र घरभर पळू लागली आहे, आणि या काळजीने तुझी झोप उडाली आहे, हे वाचल्यावर आधी त्याविषयी लिहावे आणि मगच तू शेवटी विचारलेल्या प्रश्नाकडे वळावे, असे ठरवले. तुझा तो प्रश्न मला फार आवडला. "तुझी दोन्ही मुले आता मोठी झाली, तर तुला त्यांचा नेमका कशाबद्दल अभिमान वाटतो?" असे आजवर मला कोणी विचारले नव्हते, अभिमान वाटतो, हे सगळे गृहीतच धरतात.

तर आधी चालण्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वेगवेगळ्या देशांतील निरोगी मुलांच्या वाढीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. म्हणजे एकाच दिवशी जन्मलेल्या दोन निरोगी मुलांच्या पहिल्या पावलांमध्ये नऊ महिन्यांचे अंतर असू शकते आणि दोघांतही काही उणे नसते. त्याच अभ्यासातील सुमारे ४ टक्के मुले हातांवर आणि गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. आमचा धाकटा त्यांच्याच जातकुळीतला. तो बसल्या बसल्या पुढे सरकत असे आणि आपण पाहत राहिलो तर थांबून आपल्याकडेच पाहत असे. थोरली पहिल्या वाढदिवसाआधीच चालू लागली होती, तो बराच उशिरा चालला, आणि आज दोघे शेजारी शेजारी चालत असताना त्यांच्याकडे पाहून आधी कोण चालले हे कोणालाही सांगता येणार नाही. दीड वर्ष पूर्ण होऊनही तुझी लेक चालू लागली नाही, किंवा पूर्वी जे तिला येत होते ते ती करेनाशी झाली, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नकोस. तोवर शेजारच्या मुलीचे कौतुक मोकळ्या मनाने कर.

आता अभिमानाकडे येते. गुण, बक्षिसे, मैदानावरची पदके, थोरलीला हव्या त्या संस्थेत मिळालेला प्रवेश, हे सारे मला अतिशय सुखावून गेले आणि ते मी आप्तांना आवर्जून सांगितलेही. तरीही खोलवर विचार केला की जाणवते, त्या यशामागचे कष्ट मुलांचे होते आणि म्हणून त्याचा अभिमान बाळगण्याचा पहिला हक्कही त्यांचाच आहे. माझा स्वतःचा, आई म्हणून वाटणारा अभिमान वेगळ्या ठिकाणी आहे. मी कधी शिकवले नव्हते, कोणी सांगितले नव्हते, असे काही चांगले ज्या क्षणी ती आपसूक करून गेली, ते क्षण मी मनात जपून ठेवले आहेत. त्यांपैकी दोन तुला सविस्तर सांगते.

धाकटा प्राथमिक शाळेत असताना त्याच्या वर्गात बोलताना अडखळणारा एक मुलगा होता, आणि तो आमच्याकडे खेळायला येत असे. एकदा घरी आलेल्या एका पाहुण्यांनी त्याला काहीतरी विचारले. तो उत्तर देऊ लागला, मधल्याच एका शब्दावर अडला, आणि पाहुण्यांनी प्रेमानेच, मदत करण्याच्या हेतूने, त्याचे वाक्य स्वतः पूर्ण केले. तेव्हा माझा मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, थांबा ना, त्याचं बोलणं अजून संपलेलं नाही." आवाजात राग नव्हता, आपण मित्राची बाजू घेत आहोत असा आविर्भावही नव्हता. पाहुणे थांबले, मित्राने वाक्य पूर्ण केले, आणि दोघे खेळायला पळाले. त्यानंतर कितीतरी वेळ मी त्याच जागी बसून होते. बोलताना अडखळणाऱ्याला वेळ द्यावा, त्याचे शब्द आपण पुरवू नयेत, हेच वाचा-उपचार करणारे तज्ज्ञही सांगतात. पण मला स्वतःला ते तेव्हा ठाऊक नव्हते, मग मी ते त्याला कुठून शिकवणार?

पुढे केव्हातरी यावर मी आणि मुलांचे बाबा बोलत होतो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. माझ्या सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आल्यानंतर त्यांचे बोलणे फार संथ झाले होते, एकेका शब्दासाठी ते बराच वेळ झगडत. मुलांचे बाबा रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसत आणि त्यांचे वाक्य पूर्ण होईपर्यंत काहीही न बोलता वाट पाहत. धाकटा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता आणि तिथेच जमिनीवर खेळत असे. त्याला आज आजोबा आठवत नाहीत. बहुतेक माणसांच्या सर्वांत जुन्या आठवणी तीन-साडेतीन वर्षांच्या पलीकडे जात नाहीत, तेव्हा त्यात नवल काही नाही. परंतु माझा तर्क असा, की आठवण पुसली गेली तरी त्या संध्याकाळींमधला धीर त्याच्यात उतरला असावा. याला पुरावा काय, असे विचारशील तर माझ्याकडे नाही. आईच्या मनाची खात्री एवढेच सांगता येईल.

म्हणूनच तू लिहिलेस, की लेकीला यातले काहीच आठवणार नाही, मग या रात्रभरच्या जागरणांचा तिला काय उपयोग, तेव्हा मला ते पटले नाही. तुझी जागरणे तिला आठवणार नाहीत हे खरे आहे. ज्या वर्षांत आपण मुलांसाठी सर्वाधिक झिजतो, नेमकी तीच वर्षे त्यांच्या स्मरणातून जातात, आणि त्यांची साक्षीदार म्हणून घरातली मोठी माणसेच उरतात. पण रडल्यावर कोणीतरी येते, हा विश्वास त्याच रात्रींमध्ये तयार होतो, आणि तो टिकण्यासाठी त्या रात्री आठवाव्या लागत नाहीत.

दुसरा क्षण थोरलीचा. वयात येतानाची तिची वर्षे आम्हा दोघींनाही कठीण गेली. शब्दाने शब्द वाढत असे. आवेग आवरणारा आणि पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो, हे वाचल्यावर मला थोडा धीर आला होता, एवढेच. त्याच काळात पुढे कोणते शिक्षण घ्यावे हा प्रश्न आला. आम्हा दोघांच्या मनात एक वाट होती, तिला दुसरी हवी होती. एका रात्री तिने आम्हाला समोर बसवले, आमची बाजू आधी आमच्याहूनही चांगल्या शब्दांत मांडली, "यात तुमचं काय चुकीचं नाही, तेही मी सांगते," असे म्हणाली, आणि मग स्वतःचा निर्णय कारणांसह सांगितला. तिने आवाज चढवला नाही आणि डोळ्यांत पाणीही आणले नाही. त्या रात्री माझे मत बाजूला पडले आणि तरी मला इतका आनंद झाला, की तो लपवणे जड गेले. आमच्या घरात एक रीत मात्र होती, ती तुला सांगण्याजोगी आहे. आम्हा नवरा-बायकोचे मतभेद मुलांसमोर झाले, तर ते मिटवायचेही त्यांच्यासमोरच. मोठ्यांचे भांडण पाहिलेली मुले ते नीट मिटतानाही पाहतात तेव्हा बरीच सावरतात, असे अभ्यासकही सांगतात. आम्ही ते घर सुरळीत राहावे म्हणून केले होते. आपली मुलगी त्यातून वाद कसा घालावा हे शिकते आहे, याची कल्पना नव्हती.

तू पुन्हा कामावर जाऊ लागलीस आणि आपण आई म्हणून कमी पडतो असे तुला वाटते, म्हणून डोनाल्ड विनिकॉट यांची आठवण करून देते. हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. त्यांनी १९५३ मध्ये मांडले, की आई सुरुवातीला बाळाची प्रत्येक गरज जवळजवळ पूर्णपणे भागवते आणि बाळाची सहनशक्ती वाढेल तसतशी हळूहळू मागे सरते. पुरेशी चांगली आई ती हीच. तू मागे सरतेस त्या जागेत तुझी लेक स्वतःचे काहीतरी करणार आहे. माझ्या मुलांनी जे न शिकवता केले, ते अशाच मोकळ्या जागांत घडले असावे.

आणखी एक. सगळे तिला हुशार म्हणतात, हे तू आनंदाने लिहिले आहेस. मोठी होऊ लागल्यावर मात्र तिला तसे म्हणताना थोडी जपून राहा. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ मधील प्रयोगांत बुद्धीची स्तुती झालेली मुले अपयश येताच लवकर खचली, आणि प्रयत्नांची स्तुती झालेली मुले अवघड प्रश्नांकडे पुन्हा वळली. मी स्वतः मुलांना एवढेच सांगत आले, की तू हे केलेस ते मी पाहिले. धाकट्याला त्या दिवशी झोपताना सांगितले, "मित्राला तू बोलू दिलंस, ते मला फार आवडलं." तो म्हणाला, "पण त्याचं संपलं नव्हतं ना!" त्याच्या लेखी त्यात कौतुक करण्यासारखे काही नव्हते, आणि मला अभिमान वाटला तो त्याचाही.

थोरली सुटीत घरी येणार आहे आणि तुझ्या लेकीला भेटायचे म्हणून तिने आतापासून हट्ट धरला आहे, तेव्हा तुम्हाला केव्हा सोयीचे होईल ते कळव. दरम्यान एक वही घे आणि लेक न शिकवता जे जे करेल ते तारखेसह लिहून ठेवत जा, कारण तिला पुढे हे सांगणारी तूच असशील. ती चालली की त्याच दिवशी मला कळव, आणि चालली नाही तरी पत्र लिही.

तुझीच,
मैत्रीण