मैदानावरचे भोंगे नीट बसवा

महोदय,

दिवाळीनंतर गावोगावी कबड्डी आणि क्रिकेटचे सामने सुरू होतात आणि मैदानाकडेच्या खांबांवर भोंगे चढतात. बऱ्याच ठिकाणी ते सुतळीने नाहीतर बारीक तारेने बांधलेले असतात आणि त्याच खांबाखाली लहान मुलं बसलेली असतात. हे पाहून जीव थाऱ्यावर राहत नाही.

त्याहून जास्त काळजी वाटते ती क्रीडासंकुलांत कायमच्या बसवलेल्या स्पीकरची. एकदा लावले की कोणी वर पाहत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की स्पीकरवरचा दाब चौपट होतो. कोकणात पावसाळाभर हा मार बसतो, शिवाय खारी हवा साधे नटबोल्ट खाऊन टाकते. म्हणून खांबाला भोकं पाडण्याऐवजी भोवती स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या आवळाव्यात. भोक पाडलं की खांब तिथेच कमजोर होतो, गंजही तिथूनच सुरू होतो. प्रत्येक स्पीकरला वेगळा, आखूड पोलादी वायररोप हवाच, म्हणजे क्लॅम्प सुटला तरी स्पीकर कुणाच्या डोक्यावर येणार नाही. रोप लांब ठेवला तर झटक्याने तोही तुटू शकतो. विजेच्या खांबांना तर भोंगे बांधूच नयेत.

स्पीकरचं तोंड प्रेक्षकांकडे खाली झुकवलं, तर आवाज कमी ठेवूनही घोषणा ऐकू येते आणि शेजारच्या घरांना त्रास होत नाही.

ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी पावसाळ्याआधी व नंतर प्रत्येक खांबाची वर चढून तपासणी करून घ्यावी आणि तो खर्च मैदानाच्या देखभालीतच धरावा.

— एक क्रीडाप्रेमी वाचक, रत्नागिरी