रिकच्या वहीतला हिशेब

पुणे

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मंडळात पुढच्या महिन्यात ‘कासाब्लांका’ लावायचं ठरलंय हे वाचून बरं वाटलं. त्यानंतर प्रेम आणि चारित्र्य यावर गप्पा ठेवायच्यात, पण पोरं म्हणतील, “नायकाने बाई सोडली, विमान उडालं, यात एवढं काय?” ही तुझी धास्ती रास्त आहे. शेवटची दहा मिनिटंच धरून बसलं तर खरंच फारसं काही हाती लागत नाही. त्यागाच्या गोष्टी आपण लहानपणापासून इतक्या ऐकलेल्या असतात की आणखी एकीने कुणी हलत नाही.

मला हा सिनेमा हिशेबाचा वाटतो. कोण कुणाचं काय देणं लागतो, ते गुपचूप कोण फेडतो आणि त्याची पावती कोण मागतो, यावर तो उभा आहे. म्हणून सुरू करण्याआधी पोरांना कागद-पेन्सिल दे आणि सांग, पडद्यावर पैशाचा आकडा आला की टिपून ठेवायचा. बाकी काही सांगू नकोस. एकशे दोन मिनिटांचा सिनेमा आहे, मध्यंतर करू नकोस.

दोन मिनिटांची पार्श्वभूमी मात्र द्यायलाच हवी, नाहीतर पहिला अर्धा तास कोण कुणाला का घाबरतंय तेच कळत नाही. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. मोरोक्को फ्रेंचांच्या ताब्यात, आणि फ्रान्सचं उरलेलं सरकार विशी गावात बसलेलं, जर्मनांच्या तालावर नाचणारं. म्हणजे कासाब्लांकात पोलीस फ्रेंच, पण वचक जर्मनांचा. युरोपातून पळालेली माणसं तिथे अडकलीत, कारण लिस्बनला जायला परवाना लागतो आणि लिस्बनहून अमेरिकेची बोट. ज्या दोन ‘ट्रान्झिट’ पत्रांसाठी सगळी धावपळ चालते, तशी पत्रं प्रत्यक्षात कधीच नव्हती, ती लेखकांनी रचली. हे आधीच सांगून टाक, नाहीतर एखादा चिकित्सक नेमका तिथेच अडून बसेल. आणि रिक, म्हणजे सिनेमाचा नायक, तिथल्या एका क्लबचा मालक, सुरुवातीला एका कागदावर सही करतो त्यावरची तारीख दाखव : २ डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवर हल्ला झाला ७ तारखेला. “मी कुणासाठी मान पुढे करत नाही” म्हणणारा हा अमेरिकन कुठल्या घडीला तसं म्हणतोय, ते त्या तारखेवरून कळतं.

आणि खरंच करत नाही तो. ती दोन पत्रं रिककडे ठेवायला देणारा युगार्ते त्याच्या कोटाला लोंबकळून ‘लपव मला’ म्हणतो आणि रिक त्याला पोलिसांच्या हाती जाऊ देतो. चर्चेत इथे कुणी रिकची बाजू घ्यायला लागलं तर घेऊ देऊ नकोस. युगार्ते चोर आहे, खुनी आहे, सगळं खरं. पण त्या क्षणी रिकला चाड नाही, हेही तितकंच खरं. नायक धुतल्या तांदळासारखा करून ठेवला की पुढचं सगळं फुकट जातं.

याच माणसाचं दुसरं खातं बघ. फेरारी नावाचा बडा काळाबाजारवाला त्याच्याकडे सॅमला, त्याच्या पियानोवाल्याला, विकत मागतो. रिक म्हणतो, मी माणसांची खरेदी-विक्री करत नाही. मग तिथेच सॅमला विचारतो, दुप्पट पगार देतायत, जातोस का? म्हणजे स्वतः नाही म्हणून मोकळा झाला नाही, ज्याचा प्रश्न त्याला विचारला. पुढे क्लब बंद पडतो तेव्हा हेडवेटर कार्लला तो एवढंच विचारतो की किती दिवस बंद ठेवणं परवडेल. कार्ल म्हणतो, दोन आठवडे, फार तर तीन. रिक म्हणतो, तोवर सगळ्यांचा पगार चालू ठेव. आणि शेवटच्या दिवशी क्लब फेरारीला विकताना अट काय, तर अब्दुल, कार्ल आणि साशा कामावर राहतील, आणि सॅमचा नफ्यात पंचवीस टक्के वाटा आहे. फेरारी हसून सांगतो, मला माहितीय त्याला दहाच मिळतात, पण तो पंचविसाच्या लायकीचा आहे. खोटं बोलून दुसऱ्याचा वाटा वाढवणारा व्यवहार तू किती वेळा पाहिलायस? हे तिन्ही प्रसंग मिळून दोन-तीन मिनिटांचेही नाहीत आणि पोरांच्या नजरेतून हमखास निसटतात. कागदावर उतरले असतील तरच पुढे हाताशी येतील.

आता आनिनाचा प्रसंग. हा पुन्हा लावून दाखव. बल्गेरियातून आलेली लग्न झालेली कोवळी पोरगी, नवरा यान आत जुगार खेळतोय, कारण परवान्याचे पैसे नाहीत. पोलीसप्रमुख कॅप्टन रेनो परवाना द्यायला तयार आहे, पण मोबदला तिच्याकडून हवाय. सेन्सॉरच्या कात्रीमुळे हे थेट म्हटलेलं नाही, तरी कळायचं ते कळतं. ती रिकला विचारते, रेनो शब्दाला जागतो का? मग विचारते की एखादीने ज्याच्यावर जीव आहे त्याच्या सुखासाठी वाईट काही केलं, त्याला कधी कळू दिलं नाही, स्वतःच्या मनात कायमचं बंद करून ठेवलं, तर त्यात काही चुकीचं नाही ना? रिक तिला तोडून टाकतो, बल्गेरियाला परत जा म्हणतो. आणि उठून सरळ जुगाराच्या टेबलाशी जातो. यानच्या मागे उभा राहून म्हणतो, आज २२ लावून पाहिलंस का? चक्र चालवणारा एमिल मालकाकडे बघतो. चक्र २२ वर थांबतं. ‘तिथेच राहू दे,’ रिक म्हणतो. पुन्हा २२. ‘पैसे घे, आणि परत इथे फिरकू नकोस.’

लक्षात घे, रिकने हे पैसे हातात ठेवले असते तर तो दाता झाला असता आणि ती पोरं जन्मभर त्याच्या उपकाराखाली. त्याने आपल्याच क्लबमध्ये आपल्याच विरुद्ध लबाडी केली आणि यानला वाटू दिलं की आपलं नशीब फळफळलं. एक गिऱ्हाईक संशयाने विचारतं, इथला खेळ सचोटीचा आहे ना? रिक एमिलला विचारतो, आजचा गल्ला किती? एमिल सांगतो, वाटलं होतं त्यापेक्षा दोनेक हजार कमी. आनिना येऊन गळ्यात पडते तर हा अंग काढून घेतो, साशा आनंदाने मुका घेतो तर त्याला हाकलतो. आभार घ्यायचीच त्याची तयारी नाही. आनिनाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याने अजून दिलेलं नाही. ते कागदावर वेगळं लिहायला लाव : ‘उत्तर बाकी’.

प्रेमाकडे येतो. चर्चा इथेच घसरते, आणि घसरते ती एका साध्या कारणाने : पोरं त्याग करणारा एकटा रिकच धरतात. खरं तर तेच काम तिघांनी केलंय आणि रिकचा नंबर त्यात तिसरा लागतो.

पहिली इल्सा. नवरा, जर्मनांविरुद्ध लढणारा व्हिक्टर लाझलो, छळछावणीत मेला अशी बातमी आल्यावर ती पॅरिसमध्ये रिकला भेटते. जर्मन फौज शहरात शिरायच्या बेतात असताना दोघांनी गाडीने निघायचं ठरतं, आणि नेमकं तेव्हा कळतं की लाझलो जिवंत आहे, पॅरिसबाहेर मालगाडीच्या डब्यात आजारी पडलाय. रिकला खरं सांगितलं तर तो शहर सोडणार नाही आणि गेस्टापोच्या, जर्मनांच्या गुप्त पोलिसांच्या, हाती सापडेल. म्हणून ती चार ओळींची चिठ्ठी पाठवते, कारण न सांगता. स्टेशनावर पावसात ती चिठ्ठी रिकच्या हातात आहे आणि थेंबांनी शाई ओघळतेय, तो क्लोजअप सगळ्यांना आठवतो. पण चिठ्ठी लिहिणारी त्या वेळी कुठे, कशी बसली असेल हे सिनेमा दाखवत नाही. तिला प्रेक्षकच नव्हते. आणि रिकने त्याचं काय केलं? दीड वर्ष स्वतःची कीव करत बसला, आणि ती कासाब्लांकात आल्यावर रात्री समजावून सांगायला आली तेव्हा दारूच्या नशेत विचारलं की मला सोडलंस ते लाझलोसाठी, की मध्ये आणखी कुणी होते. ती उठून जाते. दुखावलेला माणूस किती हलकं बोलू शकतो, ते त्या एका वाक्यात पाहून घ्यावं.

दुसरा लाझलो. त्याला आपण सहसा भाषणबाज पुढारी समजून सोडून देतो, हा त्याच्यावर अन्याय आहे. हॉटेलच्या खोलीत तो इल्साला विचारतो, मी छावणीत होतो तेव्हा पॅरिसमध्ये तुला एकटं वाटायचं का? ती हो म्हणते. तो म्हणतो, एकटेपण काय असतं मला माहितीय; तुला मला काही सांगायचंय का? ती नाही म्हणते. तो पुढे एक अक्षर विचारत नाही. उलटतपासणी नाही, टोमणा नाही. तुझ्यावर माझं फार प्रेम आहे म्हणतो आणि गुप्त बैठकीला निघून जातो. याच नवऱ्याने त्याच संध्याकाळी रिकला त्या पत्रांसाठी एक लाख, मग दोन लाख फ्रँक देऊ केलेले असतात, आणि रिकने दहा लाख काय, तीस लाख दिलेस तरी नाही म्हणून टाकलेलं असतं. तरी रात्री उशिरा तो रिककडे येतो आणि म्हणतो, मला देऊ नका, पण ती पत्रं वापरून माझ्या बायकोला तुम्ही इथून घेऊन जा. बायकोचं मन कुठे गुंतलंय ते ताडूनही हे म्हणणं! रिक चकित होऊन विचारतो, इतकं प्रेम आहे तुमचं? विमानतळावर रिक जे करतो त्याचा धडा त्याला इथे, प्रतिस्पर्ध्याकडून मिळाला. पोरांना नेमकं हेच विचार : लाझलो त्या रात्री आला नसता तर?

जर्मन अधिकारी गात असताना लाझलो बँडला ‘ला मार्सेइएझ’, फ्रान्सचं राष्ट्रगीत, वाजवा म्हणतो, तो प्रसंग पत्रांचा सौदा फिसकटल्यावर लगेच येतो. गाण्याने सगळ्यांच्या अंगावर काटा येणारच, तू फक्त एवढं बघायला सांग की वाजवण्याआधी बँडवाले रिककडे बघतात आणि तो मान किंचित हलवतो. त्या मानेच्या हालचालीची किंमत म्हणजे क्लबला लागलेलं टाळं. रडत गाणारी इव्हॉन, म्हणजे मादलेन लबो, आणि टेबलामागचा एमिल, म्हणजे मार्सेल दालिओ, ही तेव्हा खरोखरची नवरा-बायको होती आणि १९४० मध्ये खरोखरच पॅरिसमधून पळाली होती. जर्मन मेजर झालेला कोनराड फाइटही यहुदी बायकोसह जर्मनी सोडून आलेला. पडद्यावरची सगळी आसवं ग्लिसरीनची नसावीत.

आता विमानतळ. धुकं, लहानसं विमान. सगळं स्टुडिओत उभं केलेलं, मोरोक्कोत कुणी गेलंच नव्हतं. रिक रेनोला त्या पत्रांवर नावं भरायला सांगतो : श्री. व सौ. व्हिक्टर लाझलो. मग इल्सासमोरच लाझलोला सांगतो की काल रात्री इल्सा माझ्याकडे आली होती, पत्रांसाठी, अजून माझ्यावर प्रेम असल्याचं सोंग केलं, आणि मी करू दिलं. हे खोटं आहे, निदान अर्धं. पण ‘उत्तर बाकी’ लिहिलेला कागद काढायची वेळ हीच. आनिनाने विचारलं होतं, असं ओझं मनात बंद करून ठेवावं का. रिक ते ओझं इल्साच्या मनातून काढून स्वतःकडे घेतो आणि नवऱ्याला ताठ मानेने तिचा हात धरता येईल अशी सोय करतो. लाझलो “समजलं” एवढंच म्हणतो. त्याला किती समजलं असेल यावर अर्धा तास सहज वाद होईल, होऊ दे.

एखादी मुलगी उठून विचारेल, इल्साला कुणी विचारलं? तिला गप्प करू नकोस, तिचं बरोबर आहे. आदल्या रात्री इल्सा थकून म्हणते की आता आपल्या दोघांचाच नव्हे, सगळ्यांचाच विचार तू कर, आणि रिक तो अधिकार शब्दशः घेतो. सॅमला ‘जातोस का’ म्हणून विचारणारा माणूस इल्साला विचारत नाही. इथे सिनेमा कमी पडतो, असं माझं मत आहे. काही दोष काळाचा : तेव्हाच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेत विवाहित बाई नवऱ्याला सोडून गेलेली दाखवताच आली नसती. पण सगळा नाही. हे मोकळेपणी कबूल केलंस तर पोरांचा बाकीच्या बोलण्यावर जास्त विश्वास बसेल. चर्चा रंगली तर पुढच्या खेपेला ‘प्रभात’चा १९३९ चा ‘माणूस’ लाव. त्यातला शाहू मोडकांचा शिपाई आणि शांता हुबळीकरांची मैना रिक आणि इल्साशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

“प्ले इट अगेन, सॅम” हे वाक्य सिनेमात कुठेच नाही, यावर कुणी पैज लावली तर तू बिनधास्त घे. आणि पैजेवरून आठवलं : लाझलो निसटेल यावर रिक आणि रेनोची पैज लागते, वीस हजारांची निघालेली रेनो दहावर आणतो, आपण गरीब लाचखाऊ अधिकारी आहोत म्हणून. विमान गेल्यावर, मेजरला गोळी घातल्यावर, दोघं धुक्यात चालायला लागतात तेव्हा रिक त्याला आठवण करून देतो की तुझ्याकडून दहा हजार फ्रँक यायचेत. त्यात आपला खर्च निघेल, रेनो म्हणतो. “आपला?” म्हणून रिक विचारतो. पोरांच्या कागदावर शेवटचा आकडा हाच यायला हवा. कुणाचा राहून गेला असेल तर तेवढा तुकडा पुन्हा लाव.

वहिनींना नमस्कार सांग. सबटायटल्स आधी तपासून ठेव, आनिनाच्या प्रसंगात ती पुष्कळदा संवादाच्या मागे पडतात.

तुझा,
अरविंद